माहिती चौकट : गिटारवर हात अडला तर

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी बरेच जण गिटार मोबाईलवर बघून शिकतात. सी, जी, डी, ई मायनर जमतात, गाण्यांना साथही होते, आणि तिथेच प्रगती थांबते. हे नवे नाही. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली तारयंत्र शिकणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. संदेश ऐकण्याचा त्यांचा वेग मध्येच थबके. सुट्या अक्षरांऐवजी अख्खे शब्द कानाला कळू लागले, की पुन्हा वाढे.

गिटारवरही अडतो तो बहुधा कान. कॉर्डचे आकार पाठ असतात, पण गाण्यातला बदल ऐकून ओळखता येत नाही. म्हणून आधी लय मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून फक्त दोन कॉर्डची अदलाबदल स्वच्छ करा आणि ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. शिक्षक नसेल, तर चूक दाखवणारे दुसरे कोण? यूट्यूबवर वेग ०.५ केला तरी पट्टी बदलत नाही. अवघड तुकडा तसा ऐकावा.

खरी परीक्षा गायकाच्या साथीला. धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम रंगतो, तिथे संगीत प्रत्यक्ष वाजते. गावचे भजनी मंडळही उत्तम शाळा आहे. गायक काळी १ (सी शार्प) मध्ये गात असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीचेच आकार धरा. हार्मोनियमवाल्यांच्या शेजारी बसायला मात्र संकोचू नका.