बालाघाटच्या दऱ्या आणि सायकलची वाट

बालाघाटाची डोंगररांग बीड जिल्ह्याचे दोन भाग करते. उत्तरेला गोदावरीकाठची सखल गंगथडी, तर दक्षिणेला उंचावरचे पठार. केज तालुक्यातले युसूफ वडगाव या पठारावर, मांजरा नदीच्या खोऱ्यात येते. इथला मुलूख वरवर सपाट दिसतो. सोयाबीन, तूर, ऊस आणि मधूनमधून मुरमाड माळ. पठाराच्या कडेला कोरलेल्या दऱ्या अगदी जवळ गेल्याशिवाय नजरेस पडत नाहीत. मोटारीतून हा प्रदेश एकसारखाच वाटतो. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक चढ पायांतून कळतो, आणि या भूमीची घडण समजायला तेवढा वेग पुरतो.

ही घडण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची आहे. त्याचे थर एकावर एक साचले. कठीण काळ्या पाषाणाखाली मऊ, सच्छिद्र मांजऱ्या खडक आला, की पाणी तो आधी झिजवते. आधार सुटलेला वरचा पाषाण तुकड्यांनी कोसळतो आणि कडा उभाच्या उभा मागे सरकतो. बालाघाटातले धबधबे आणि पायऱ्यापायऱ्यांचे कडे असे घडले.

युसूफ वडगाव परिसरातून आधी धनेगावचे मांजरा धरण गाठणे सोपे. या जलाशयावर लातूर शहर पाण्यासाठी अवलंबून आहे. 2016 च्या दुष्काळात तो आटला, तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्यामुळे दऱ्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांचे मोल या भागात वेगळे सांगावे लागत नाही.

केजहून उत्तरेला गेले की धारूर येते. तिथला किल्ला पठाराच्या कडेवर आहे आणि पुढे घाटरस्ता गंगथडीकडे उतरतो. दक्षिणेकडचा सौम्य उतार आणि उत्तरेचा तुटलेला कडा यांतला फरक इथे सर्वांत स्पष्ट कळतो. या डोंगरांतल्या सीताफळांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास असतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पूर्वेला अंबाजोगाईजवळच्या दरीत ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी आहे.

पश्चिमेकडचा पल्ला लांबचा असल्याने तो मुक्काम करून करावा. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी आहे. पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. त्याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत कोसळते. तिचे पाणी सीनेतून भीमेत आणि तिथून कृष्णेत जाते. एकाच तालुक्यातले पाऊसपाणी दोन महानद्यांत वाटले जाते. सौताड्याच्या दरीत रामेश्वराचे मंदिर आहे.

पावसाळा सरत आला तरी ऑक्टोबरपर्यंत धबधब्यांत पाणी टिकते. जोराच्या पावसात काळ्या मातीच्या गाडीवाटा टाळाव्यात, कारण चिखल चाकात आणि ब्रेकमध्ये गच्च बसतो. कोरड्या दिवसांत बाभळीचे काटे टायरमध्ये घुसतात. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान जवळ हवेच. घाट उतरताना दोन्ही ब्रेक आलटूनपालटून लावावेत. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. त्यामुळे अंधार पडण्याआधी गाव गाठावे.

बालाघाटात राष्ट्रीय उद्यान नाही. पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. दऱ्यांतली वाहनांची गर्दी आवरण्याचे एक उदाहरण परदेशात आहे. अमेरिकेच्या झायन राष्ट्रीय उद्यानात 2000 पासून दरीतल्या मुख्य रस्त्यावर वर्षाचा बराच काळ खासगी मोटारींना बंदी असते. तिथे बस आणि सायकली चालतात, आणि गर्दी व गोंगाट कमी राहतो. बालाघाटाला एवढ्या मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. कड्याच्या माथ्यावर सायकली ठेवायला सुरक्षित जागा, दिशा दाखवणारे फलक आणि पिण्याचे पाणी एवढ्याने सुरुवात होऊ शकते. माथ्यापर्यंत सायकल आणि दरीत पायी, हा नियम पाळला तर उतारावरची माती, झाडोरा आणि ओढ्यांचे पाणी शाबूत राहील, आणि गावातल्या खाणावळींना व सायकल दुरुस्तीच्या दुकानांनाही काम मिळेल.