६१७४ : वजाबाकीतले कोडे
कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लिहून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उदाहरणार्थ ३५२४ : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच केले की ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे उत्तर बदलतच नाही. आरंभ कुठूनही होवो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत मुक्काम ६१७४ वरच पडतो. शून्य धरून अंक मात्र चारच ठेवावेत.

देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा हा शोध. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या सदरामुळे तो जगभर पोहोचला.

नववीच्या वर्गासाठी याहून मोलाचे आहे ते तीन अंकी रूप, कारण त्याची सिद्धता मुलांना स्वतः देता येते. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क मानले तर

(१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क).

मधला ब चक्क उडून जातो! अ − क ची किंमत १ ते ९ एवढीच असू शकते. म्हणजे शेकडो संख्यांतून पहिल्याच वजाबाकीनंतर ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत नऊच उरतात. त्या फळ्यावर तपासायला दहा मिनिटे पुरतात : ०९९ वरून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४ आणि अखेर ४९५. उरलेल्याही तिथेच येतात.

दोन अंकी संख्यांना असा मुक्काम नाही. त्या ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात.