कासवाचा निरोप, व्हाया उपग्रह

मोबाईलची रेंज किनारा सोडला की थोड्याच वेळात संपते. मग भर समुद्रातलं कासव आपला ठावठिकाणा कसा कळवतं?

२५ जानेवारी २०२२ रोजी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालून परतली, ती पाठीवर ट्रान्समीटर घेऊनच. नाव ‘प्रथमा’. मागोमाग आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा हा प्रयोग पश्चिम किनाऱ्यावर पहिलाच होता.

खरी गंमत पुढे आहे. खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी बाहेर येत नाहीत, म्हणून कासव बुडी मारून असेपर्यंत यंत्र गप्प. श्वास घ्यायला ते वर आलं की सेकंदभराच्या आत संदेश सुटतो. पण तेव्हा साधारण ८५० किलोमीटर उंचीवरचा आर्गोस यंत्रणेचा उपग्रह डोक्यावर हवा, आणि तो एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं टप्प्यात असतो! शिवाय तो ‘मिळालं’ असं उलट कळवतही नाही. उपाय एकच, तेच पुन्हा पुन्हा सांगत राहायचं. चारदोन संदेश हुकले तरी चालतात.

आणि जागा कशी कळते? जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढ्या पट्टीत वाजते, गाडी पुढे गेली की पट्टी उतरते. उपग्रह सरकताना कासवाच्या संदेशाची वारंवारिता तशीच बदलते, त्यावरून गणित मांडतात. १९७८ पासून आर्गोसचं हे काम चालू आहे. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेपर्यंत पोहोचली, ते याच गणिताने समजलं.

केनियातल्या झेब्रांची तऱ्हा आणखी भारी. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये त्यांच्या गळ्यात माग ठेवणारे पट्टे बांधले. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे एकमेकांची माहिती उतरवून घेत. एक झेब्रा गाठला की इतरांचीही खबर हाती!

मला मात्र सर्वांत आवडतो तो ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला. ना बॅटरी, ना अँटेना. मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला तो लावला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती अंडी घालायला आली थेट गुहागरला, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर! तो आकडा कुणीतरी नीट वाचला, म्हणून कळलं की पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवर एकच मादी अंडी घालू शकते.