डी-डायमर काय सांगते, काय नाही

बाळंतपणाला दहा दिवस झालेत. डोकं ठणकतंय, वाकलं की जास्तच, आणि डोळ्यांपुढे धूसर दिसतंय. घरचे ‘वारं लागलं असेल’ म्हणत कानाला रुमाल बांधतात. पण मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी झाली, तरी असंच होतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या काही तरुणींनाही हा धोका असतो.

गुठळी विरघळू लागली, की तिच्यातल्या फायब्रिनच्या जाळीचे तुकडे रक्तात उतरतात. ते मोजते ती डी-डायमर तपासणी. दंडातून काढलेलं थोडंसं रक्त पुरतं. मर्यादा बहुधा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात. आकडा त्याखाली आणि डॉक्टरांचा संशयही कमी, तर गुठळीची शक्यता फार थोडी उरते.

वाढलेला आकडा मात्र गुठळी सिद्ध करत नाही. गरोदरपण, बाळंतपण, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, सगळ्यांत तो चढतो. म्हणजे जिला या तपासणीची गरज जास्त, त्या बाळंतिणीलाच तिचा उपयोग कमी. याची मला खरोखर खंत वाटते.

दुखणं बरेच दिवसांचं असेल, नुसतंच डोकं दुखत असेल किंवा गुठळी लहान असेल, तर गुठळी असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून संशय दाट असला, की रक्ताच्या रिपोर्टवर न थांबता एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्रण, करतात.