रानरेशीम : लेखांक ७ – कोशाचे ऊन आणि धाग्याची आच

मुगा रेशमाच्या सोनेरी रंगाविषयी या आठवड्यात लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु भंडारा जिल्ह्यातील एका वाचकांच्या पत्रामुळे तो विषय तहकूब ठेवणे भाग पडले आहे. ते विचारतात की, टसरचा कोश चैत्र-वैशाखाचा दाह सोसून आतील जीव मृगाच्या पावसापर्यंत जतन करतो, तेव्हा तुतीच्या रेशमाहून टसरचा धागा अधिक उष्णता सहन करतो, याचे मूळ या उन्हाळ्यांतच असेल काय?

प्रश्न मार्मिक आहे, आणि माझे उत्तर नकारार्थी आहे. ढिवर समाजाची मंडळी ज्या कोशाला कोसा म्हणतात, तो ऐनाच्या फांदीवरून उतरवून हाती घेतला, म्हणजे प्रथम जाणवतो तो त्याचा सुपारीसारखा कठीणपणा. वरच्या अंगास चिवट देठ, आणि देठाच्या शेवटी फांदीला घट्ट कवटाळून बसलेले वलय. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर चढतो तेव्हा आतील निद्रिस्त जीवाचा बंदोबस्त करते ती ही भिंत, म्हणजे एकावर एक बसलेले धाग्यांचे थर, त्यांना सांधणारा डिंक आणि मध्ये कोंडलेली हवा. खुद्द धाग्याला ४५ अंशांची मातब्बरी ती काय! तुतीच्या रेशमाचे विघटन सुमारे ३२० अंशांच्या आसपास जोर धरते, आणि टसर त्याच्याही पुढे चाळीसएक अंश तग धरतो. एवढी आच कोणत्याही रानात कोणत्याही किड्याच्या वाट्याला येत नाही.

खरे रहस्य प्रथिनाच्या घडणीत आहे. तुतीच्या रेशमात ग्लायसीन व ॲलानीन ही अमिनो आम्ले बहुतांशी आळीपाळीने येतात. रानकिड्यांच्या रेशमात मात्र बारा-तेरा ॲलानीन एकापुढे एक सलग येतात, आणि अशा साखळ्यांचे पदर परस्परांत इतके दाट बसतात की त्यांतून घडलेले स्फटिक विस्कटण्यास अधिक उष्णता खर्ची पडते. कोळ्याच्या धाग्यातही ॲलानीनच्या अशाच सलग मालिका सापडतात. पतंग आणि कोळी यांच्या कुळांचा इतका दूरचा संबंध असता निसर्गाने दोन्हीकडे हीच तजवीज करावी, याचे मला आजही नवल वाटते.

बळकटीचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. समान जाडीस तोलले, तर ताण सोसण्यात टसर तुतीपेक्षा सरस ठरत नाही, बहुधा किंचित उणाच भरतो. परंतु तुटण्यापूर्वी तो आपल्या लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका ताणला जातो, तर तुती पाचव्या हिश्शावरच संपते. शिवाय त्याचा एकेरी तंतू तुतीच्या तंतूहून कितीतरी जाड असतो. कोशाचे वस्त्र वापरणाऱ्यांना जो चिवटपणा जाणवतो, त्याचे श्रेय माझ्या मते मुख्यतः या लवचिकपणाला आहे.

आणि आचेइतकीच थंडीची हकीकतही विलक्षण आहे. ऑक्सफर्ड व शांघायच्या फुदान विद्यापीठांतील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चिनी ओक-टसरचा धागा द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांतही ठिसूळ न होता अधिकच चिवट झालेला आढळला. तंतूच्या पोटात बारीक सूत्रांची जुडी असते, त्यामुळे एका सूत्राला गेलेली चीर सरळ आडवी न धावता वाटेतच वळते व विरते, असा त्यांचा खुलासा आहे. या सूत्रांविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे. मुग्याचा रंग त्यानंतर.