चमचाभर ज्वारी आणि सत्तेचाळीस पृथ्वी

एक चौकोन धावतोय. संगीताच्या ठेक्यावर, डावीकडून उजवीकडे, आपोआप. तो थांबत नाही, मागे वळत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट: पडद्यावर बोट टेकवलं की तो उडी मारतो. समोरचा काटा चुकला तर ठीक, नाहीतर चौकोनाचा चुरा आणि डाव पुन्हा पहिल्यापासून! या खेळाचं नाव जॉमेट्री डॅश. स्वीडनच्या रॉबर्ट टोपालाने तो 2013 साली आणला आणि लेव्हल बांधायची सगळी अवजारं खेळणाऱ्यांच्याच हाती सोपवली.

मग जे सुरू झालं ते थांबलेलंच नाही. लोकांनी बांधून चढवलेल्या प्रत्येक लेव्हलला चढत्या क्रमाने नंबर मिळतो आणि आज हे नंबर दहा कोटींच्या पुढे गेलेत. दहा कोटी! एकेक लेव्हल फक्त एका मिनिटाची धरा. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, त्या सकाळी तुम्ही खेळायला बसलात. जेवण नाही, झोप नाही, प्रत्येक लेव्हल एकदाच आणि पहिल्याच डावात पार. उठणार कधी? 2022 मध्ये.

या ढिगातली आपण एकच उचलू. नंबर 1,05,65,740. नाव ब्लडबाथ, म्हणजे रक्ताची आंघोळच! अनेक जणांनी तुकड्यातुकड्याने बांधलेली, डिमरेन47 या संगीतकाराच्या ‘ॲट द स्पीड ऑफ लाइट’ या धूनवर नाचणारी, जवळपास दोन मिनिटांची लेव्हल. दोन मिनिटांत तर चहासुद्धा उकळत नाही.

पण चौकोनाचा वेग बघा. साध्या चालीने तो सेकंदाला दहाहून जास्त घरं ओलांडतो आणि सर्वांत वेगवान चालीने एकोणीस. एक घर म्हणजे आपला एक हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, असं माप धरू. साध्या चालीनेही दोन मिनिटांत साडेपाचशे मीटरच्या वर अंतर झालं. बारा डब्यांच्या दोन लोकल एकीमागे एक उभ्या करा, तरी थोडी जागा उरेल. आणि ही सगळी वाट काट्यांची, करवतींची!

अशा लेव्हलसाठी वीस हजार डाव म्हणजे काही जगावेगळी गोष्ट नाही. सरासरी पंधरा सेकंदांत बाद होतोय असं धरलं तरी तीन लाख सेकंद झाले, म्हणजे 83 तास. तेवढ्या वेळात डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जाऊन परत येण्याच्या तेरा फेऱ्या होतात. आणि चौकोन? तो आपल्या हाताच्या मापाने 1,400 किलोमीटरच्या वर पळालेला असतो. मुंबईहून निघालेला गडी दिल्ली ओलांडून पुढे गेला!

आता नेम. पडद्यावरचं चित्र सेकंदात साठ वेळा बदलतं असं धरू. यातल्या एकाच चित्रापुरती जी उडी वेळेत बसते, तिला खेळणारे ‘फ्रेम परफेक्ट’ म्हणतात. सेकंदाचा साठावा भाग म्हणजे किती? एखादी गाडी ताशी 100 किलोमीटरने फलाटावरून न थांबता निघाली आहे. तिच्या एका डब्यावर कुणीतरी एक हात रुंदीचा पांढरा पट्टा ओढलाय. तो पट्टा बरोबर तुमच्या नाकासमोर असतानाच टाळी वाजवायची. आधी नाही, नंतर नाही. एवढाच वेळ!

खरी गंमत मात्र गुणाकारात आहे. लेव्हलमध्ये शंभर उड्या धरू. सगळ्या उड्या लागोपाठ लागल्या पाहिजेत, एकही चुकून चालत नाही. तुम्ही इतके पटाईत की शंभरातल्या नव्व्याण्णव उड्या अचूक. मग साधारण तीन डावांत एकदा लेव्हल पार. तीन दाणे ज्वारी, त्यातला एक लाल रंगवलेला, डोळे मिटून तोच उचलायचा. जमेल की!

शंभरात पंचाण्णव अचूक? आता 169 दाण्यांत एक लाल. शिगोशीग भरलेला चहाचा चमचा. तरीही चालेल.

नव्वद अचूक? साडेसदतीस हजारांच्या वर दाणे. किलोहून जास्त ज्वारी! तेवढी माणसं वानखेडेवर खच्चून भरली तरी मावत नाहीत आणि त्यांतला एकच पार होणार.

ऐंशी अचूक? फक्त दहाने घसरलो आपण. पण दाणे झाले 490 कोटी. पंधरा फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर घ्या आणि तळापासून काठापर्यंत ज्वारीने भरा. जवळपास दीड हजार क्विंटल. लाल दाणा एकच, तो कुठल्या थरात आहे कुणास ठाऊक!

आणि पन्नास? प्रत्येक उडी म्हणजे छापा-काटा? एकावर तीस शून्यं, त्याहूनही थोडं जास्त. विश्व जन्मलं त्या क्षणापासून, 1,380 कोटी वर्षं, दर सेकंदाला एक दाणा उचलून बघत बसलो असतो, तर आजवर उपसलेल्या ज्वारीने कोयनेएवढी जेमतेम सहा धरणं भरली असती. सहाच! आणि एकूण रास केवढी? पृथ्वी आतून पूर्ण पोकळ करा, समुद्र, सह्याद्री, सगळं काढून टाका, ज्वारी ओता. अशा सत्तेचाळीस पृथ्वी भरतील. आणि त्यांत लाल दाणा एक!

आता या खेळाचा एक नियम ऐका. लेव्हल ज्याला लोकांपुढे ठेवायची आहे, त्याने ती आधी स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार करून दाखवायची. तोवर ती इतरांना खेळायला मिळतच नाही. ब्लडबाथ 2015 च्या ऑगस्टमध्ये जगापुढे आली. म्हणजे लाल दाणा सापडला होता! रायट या टोपणनावाने खेळणाऱ्याने तो उचलला होता आणि त्या काळी त्या खेळात याहून अवघड काही नाही असंच सगळे मानत होते. पुढे किती जणांनी किती हजार डाव टाकून ती पार केली, आणि तिच्याहून अवघड लेव्हल्स बांधल्या, आणि त्याही पार केल्या! आज सर्वांत अवघड लेव्हल्सची यादी काढली, तर ब्लडबाथ वरच्या शंभरातही बसत नाही.