परदेशचें दार आणि घरची ओसरी

सन २०२५ च्या दिवाळींत दौंडास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे फराळास जाण्याचा योग आला. घर एकत्र कुटुंबाचें. ओसरीवर तीन पिढ्या बसलेल्या. परंतु ज्याच्या येण्याची सर्वांस आस होती, तो थोरला नातू मात्र आला नव्हता. तो अमेरिकेंत संगणकाच्या कामावर आहे. १९ सप्टेंबर रोजीं तेथील राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं 'एच-वन-बी' या नोकरीच्या परवान्यासाठीं होणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क बसविण्याचें फर्मान काढलें. जुन्या परवानेदारांस तें लागू नाहीं, असा खुलासा दुसऱ्याच दिवशीं झाला खरा. पण तोंपर्यंत नातवाच्या मालकांनीं 'तूर्त देशाबाहेर पाऊल टाकूं नका' असें बजाविलें होतें, आणि काढलेलें तिकीट रद्द झालें होतें. आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, आमच्या पोरानें त्यांचें काय घोडें मारलें हो?"

त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. शिरुरास परतल्यावर जो विचार केला, तो येथें मांडीत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, हें दार कांहीं आज प्रथमच लोटलें गेलें असें नाहीं. १९१७ च्या कायद्यानें अमेरिकेनें हिंदुस्थानासह बहुतेक आशियाखंडास मज्जाव केला. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी माणसास नागरिकत्वाचा अधिकार नाकारला. १९४६ मध्यें दार किलकिलें झालें, तें वर्षास अवघ्या १०० माणसांपुरतें. १९६५ च्या कायद्यानें मात्र तें चांगलेंच उघडलें, आणि १९९० मध्यें 'एच-वन-बी' ची योजना निघाली. तिची वार्षिक मर्यादा ६५,००० परवान्यांची. संगणकाच्या भरभराटींत, २००१ ते २००३ या काळांत, ती १,९५,००० पर्यंत वाढविली आणि गरज सरतांच पुन्हां खालीं आणली. पुढें तेथील विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठीं आणखी २०,००० ची सोय झाली, एवढेंच. या परवान्यांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक आपल्या देशबांधवांस मिळतात. तात्पर्य, घरधनी आपल्या गरजेप्रमाणें दार उघडतो व लावतो. त्यांत आपल्या मुलाचा अपराध शोधण्याचें कारण नाहीं.

परंतु दार लावणाराचें त्यांत हितच होतें काय? इतिहास तसें सांगत नाहीं. छ्येन श्वेसन हा चिनी शास्त्रज्ञ अमेरिकेंत अग्निबाणांच्या विद्येंत अग्रगण्य होता. १९५० मध्यें त्याच्यावर राजकीय संशय घेण्यांत आला, पांच वर्षें त्यास नजरेखालीं ठेविलें, आणि १९५५ सालीं चीनला जाऊं दिलें. त्याच पुरुषानें चीनच्या अग्निबाण-विद्येचा पाया घातला! मॉरिस चँग हा अमेरिकेंतील मोठ्या हुद्द्यावर राहिलेला गृहस्थ १९८५ मध्यें तैवानला गेला. त्यानें १९८७ मध्यें काढलेल्या कारखान्याच्या सूक्ष्म चकत्यांवांचून आज जगाचे संगणक चालत नाहींत.

आपल्याकडेही अशीं उदाहरणें आहेत. गोविंद स्वरूप हे स्टॅनफर्डची पदवी घेऊन १९६३ मध्यें होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून परत आले. आमच्या शिरुरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ-दुर्बीण उभी आहे, ती त्यांची करणी. आनंद देशपांडे अमेरिकेंतून येऊन १९९० मध्यें पुण्यांत 'पर्सिस्टंट' काढते झाले. अमेरिकेनें महासंगणक देण्यास आढेवेढे घेतले, तेव्हां १९८८ मध्यें पुण्यास 'सी-डॅक' स्थापन होऊन विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम' तयार झाला. मात्र यांतील एक मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. स्वरूप परत आले, कारण त्यांच्यासाठीं संस्था व काम सिद्ध होतें. नुसत्या देशप्रेमाच्या हांकेनें कोणी येत नाहीं, आणि आला तरी टिकत नाहीं. संशोधनावर दक्षिण कोरिया आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा सुमारें ५ खर्च करतो. आपण शेंकडा एकही करीत नाहीं. शुल्काच्या एक लाख डॉलरांपेक्षां आम्हांस या आंकड्याची चिंता अधिक वाटते.

कोरियाचें नांव निघालें, म्हणून रांजणगांवची गोष्ट सांगतों. महागणपतीचें हें क्षेत्र आतां कारखान्यांसाठींही प्रसिद्ध आहे. फियाट, व्हर्लपूल, एल्‌जी अशा परदेशी नांवांचे कारखाने तेथें उभे राहिले. ४ सप्टेंबर २०२५ रोजीं अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत ह्युंदाई व एल्‌जी यांच्या विजेरी-कारखान्याच्या जागेवर धाड पडली आणि तीनशेंहून अधिक कोरियन माणसांस बेड्या पडल्या. पैसा हवा, कारखाना हवा, पण यंत्रें उभारणारा कारागीर नको, असा हा प्रकार झाला. आपणही यांतून सुटलेलों नाहीं. २०२० च्या गलवान-संघर्षानंतर आपल्या सरकारनें चिनी तंत्रज्ञांचे परवाने आवळले; यंत्रें आलीं, पण तीं चालूं करून देणारा माणूस नाहीं, अशी कारखानदारांची तक्रार झाली, व २०२४ मध्यें कांहीं सवलत द्यावी लागली. विद्या यंत्रांत नसते, ती माणसाच्या हातांत असते.

आतां थोडें कटु बोलतों. आजीबाईंनीं प्रश्न विचारला त्याच ओसरीवर, अर्ध्या घटकेपूर्वीं, घरांतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणत होते कीं, रांजणगांव-कुरकुंभच्या कारखान्यांत बिहारी लोक शिरले आणि आमच्या मुलांचा घांस गेला. अमेरिकेंतील गृहस्थ आपल्या नातवाविषयीं अक्षरशः हेंच बोलतो! दौंड हें गांव १८७८ मध्यें मनमाडचा फांटा निघून जंक्शन झालें आणि परप्रांतींच्या रेल्वे-माणसांनीं वाढलें. आपल्यापैकीं किती घराण्यांचे मूळपुरुष घाट चढून कोंकणांतून देशावर आले, हें कुळवृत्तांत चाळल्यास कळेल. नातवास जो न्याय आपण मागतों, तो कुरकुंभच्या मजुरास नाकारतां येणार नाहीं.

गृहस्थाश्रमी वाचकांस आमचें सांगणें एवढेंच. मुलास परदेशीं अवश्य पाठवावें, पण राहता वाडा गहाण टाकून नव्हे. एकाच दाराकडे डोळे लावूं नयेत. जर्मनीनें २०२४ मध्यें भारतीय कुशल कामकऱ्यांच्या परवान्यांची मर्यादा वर्षास २०,००० वरून ९०,००० केली, हेंही जाणून असावें. आणि येथेंच राहणाऱ्या मुलास 'मागें पडला' असें म्हणूं नये. हा दोष आमच्याही पदरीं आहे. पस्तीस वर्षें शिकवितांना परदेशीं गेलेल्यांचीं नांवें आम्ही वर्गांत अभिमानानें सांगत आलों. खोडदला राहून काम करणाऱ्यांचें नांव एकदांही घेतलें नाहीं.

दर वर्षीं २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, खोडदची दुर्बीण सर्वांस पाहण्यास खुली असते. आजीबाईंचा धाकटा नातू यंदा नववींत आहे. त्यास घेऊन जाण्याचें आम्हीं कबूल केलें आहे. आजीबाईंनाही यावयाचें आहे.